बत्तीस पोत्यांची गाडी

२०२४ सालच्या ऑक्टोबरात आबा आमच्याकडे सॅन डिएगोला आले, तेव्हा माझ्या गॅरेजला लग्नघरातल्या कोठीची कळा आली होती. भिंतीला टेकून पुठ्ठ्याची खोकी, खोक्यांवर पिशव्या, पिशव्यांवर दोरांची भेंडोळी, आणि या सगळ्याच्या मधोमध नवरदेवासारखी उभी असलेली माझी नवी गाडी. इकडे तिला पिकअप ट्रक म्हणतात. पण ट्रक म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे धूड उभे राहते, ते हे नव्हे. पुढे पाच माणसे ऐसपैस बसतील अशी मोटार, मागे सामानासाठी उघडा हौदा. आणि सगळा कारभार विजेवर. इंजिन नाही, धूर नाही, आवाज नाही.

आबा आटपाडीकडचे. उभा जन्म माणगंगेच्या काठावर कोरडवाहू शेतीत गेलेला, वय एक्याऐंशी. खरसुंडीच्या जत्रेत खिलार खोंड पारखताना ते ज्या चालीने फिरत, त्याच चालीने ते माझ्या गाडीभोवती फिरले. आधी मागून पाहिले, मग पायांशी वाकले, चाकांवर थाप मारली आणि शेवटी विचारले, "वजन किती हिचं?"

"३,२०० किलो, आबा."

"म्हंजी बत्तीस पोती ज्वारी," ते म्हणाले. "आन् गाडीचं?"

"ते गाडीचंच. मोकळ्या गाडीचं. माल वेगळा."

आबा काही बोलले नाहीत. आमच्या बैलगाडीत दहा पोती घातली की गाडी भरली असे म्हणत. इथे तीन गाड्यांचा माल होऊन वर दोन पोती उरत होती, आणि अजून कुणी आत बसलेसुद्धा नव्हते.

हा भार येतो बॅटरीतून. गाडीच्या तळाशी, पायाखाली, एका जाड पेटीत ती आडवी निजवलेली असते. विजेवरच्या हमरसारख्या गाडीत एकट्या बॅटरीचेच वजन १,३०० किलोंच्या घरात जाते आणि सबंध गाडी चार टनांच्या वर भरते. त्या मानाने माझी गाडी सडपातळ म्हणायची. पण डोंगरदऱ्यांत हिंडायला लोक परंपरेने जी साधी जीप नेतात, ती दोन टनांच्या आसपास असते. आणि आडवाटेला काय काय घेऊन जावे याविषयीचा सगळा शहाणपणा त्या दोन टनांच्या जीपवर बेतलेला आहे. तो माझ्या गाडीला लावणे म्हणजे धाकट्या भावाचा सदरा थोरल्याला घालण्यासारखे होते. हे कळायला मला दोन महिने आणि बरेच डॉलर लागले.

सुरुवातीला मीही सगळ्यांसारखाच भुललो. टपावर बांधायचा तंबू, पुढे लावायच्या प्रखर दिव्यांची पट्टी, बाजूला उघडणारी छत्री. एकेक वस्तू पाहिली की तिच्यावाचून आजवर आपण जगलो कसे, असे वाटू लागे. तंबूचे खोके दारात आले तेव्हा सौभाग्यवतीने शांतपणे विचारले, "घराला छप्पर आहे ना आपल्या?" तो तंबू परत गेला. पण त्याला खरे कारण तिचा प्रश्न नव्हते. टपावर असे काही उभे केले की वारा अडतो, आणि वारा कापण्यात वीज जाते. पेट्रोलच्या गाडीला ते फारसे जाणवत नाही. पंप चार मैलांवर असतो. माझ्या गाडीला परतीची वाट मोजूनच पुढचे पाऊल टाकावे लागते. एकाचे पेट्रोल संपले तर दुसरा आपल्या डब्यातून देऊ शकतो. वीज अशी उसनी मिळत नाही.

मग विंचचा मोह. गाडीच्या नाकावर बसवायचा तो रहाट. दोर झाडाला बांधायचा आणि बटण दाबले की गाडी स्वतःच स्वतःला चिखलातून ओढून काढते. हिशेब केला. भरल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट ओढण्याची ताकद त्यात हवी असा दंडक आहे. माझी गाडी भरून पावणेचार टनांच्या वर जाते. म्हणजे पावणेसहा टन ओढणारा रहाट हवा. तो रहाट आणि तो बसवायचा लोखंडी सांगाडा यांचे वजन पुन्हा पन्नास किलोंच्या वर. शिवाय आम्ही जाणार वाळवंटात. तिथे दोर बांधायचा कशाला? मैलोगणती कमरेच्या वर झाड नाही. विंच माझ्या यादीतून गेला. झाडीच्या मुलुखात राहणाऱ्याने तो जरूर घ्यावा.

राहिला दोर. यावरून आबांचे आणि माझे वाजले.

मी आणला होता नायलॉनचा, इंचभर जाडीचा, विणीचा दोर. गाडीच्या भरल्या वजनाच्या तिप्पट ताण सोसेल असा. आबांनी तो हातात घेतला, दोन्ही मुठींत धरून खेचला आणि नाक मुरडले. "ह्यो तर रबरावानी हाय. ह्यो वडनार काय? साखळदंड घे."

आता या दोराची सगळी करामत त्या रबरासारखेपणातच आहे. ओढणारी गाडी थोडी ढील ठेवून निघते, दोर शंभराला तीसपर्यंत ताणला जातो, आणि मग तो ताण तो हळूहळू परत देतो. रुतलेल्या गाडीला हिसका न बसता ती उचलल्यासारखी वर येते. साखळदंड ताणत नाही. त्याला हिसका बसला की तो तरी तुटतो, नाहीतर गाडीचा हूक तरी. आणि तुटलेले लोखंड तोफेच्या गोळ्यासारखे सुटते. मागे जोडगाडी ओढण्यासाठी जो लोखंडी गोळा लावतात, त्याला दोर अडकवून गाडी ओढू नये असे इकडे पुन्हा पुन्हा बजावतात, ते यासाठीच. तो गोळा तुटून माणसे मेली आहेत. म्हणून दोर जोडायच्या कड्यासुद्धा मी लोखंडाच्या न घेता चिवट धाग्याच्या विणलेल्या घेतल्या. तुटल्या तरी त्यांच्यात जीव घेण्याइतके वजन नाही.

हे सारे मी आबांना समजावून सांगितले. त्यांना पटले की नाही, मला कळले नाही. एवढेच म्हणाले, "आन् वडायला गाडी कुठली आननार? ह्या बत्तीस पोत्यांपुढं ती बारकी जीप म्हंजी वासरू."

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. दोर घ्यावाच, पण एकट्याने गेलेल्याला तो नुसता ओझे.

चाकांचे गणित मात्र त्यांना एका वाक्यात पटले. माझ्या गाडीच्या टायरांत रस्त्यावर ४८ पौंड हवा असते, म्हणजे दर चौरस इंचाला ४८ पौंडांचा दाब. एकेका चाकावर आठशे किलो. भागाकार केला की ढोबळ उत्तर येते छत्तीस-सदतीस चौरस इंच. म्हणजे सात इंच व्यासाची एक भाकरी. प्रत्येक चाक एवढ्याशाच जमिनीवर टेकलेले असते. हवा निम्मी केली की टायर पसरतो आणि भाकरी दुप्पट होते. आबा हसले. "चार भाकरींवर बत्तीस पोती. आरं मंग रुतंल न्हाई तर काय!" त्यांच्या गाडीच्या चाकाला लोखंडी धाव होती, दोन बोटे रुंद. तिची हवा काढता येत नव्हती. माणगंगेच्या कोरड्या पात्रातून गाडी न्यायची तर वाळूवर निरगुडीच्या फांद्या आणि कडबा अंथरत.

तेव्हा घ्यायचे ते हे : हवा काढायची पितळी नळी, हवा मोजायचे बिनचूक मापक आणि पुन्हा भरायचा पंप. मापकाची किंमत सगळ्यांत कमी आणि काम सगळ्यांत मोठे. पंप मात्र चांगला हवा. एवढाले चार टायर २४ वरून ४८ वर न्यायचे म्हणजे हलक्या पंपाचे प्राण कंठाशी येतात. हलकी जीप हवा १५ पौंडांपर्यंत उतरवते. जड गाडीने तिचे पाहून तसे करू नये. टायरची कड दबून रिमवरून सुटते. वजन पेलतील असे टायर, आणि पुऱ्या मापाचे पाचवे चाक. हे शेवटचे लिहावे लागते, कारण विजेवरच्या कित्येक गाड्यांत ते मुळी देतच नाहीत.

बाकीचे भराभर सांगतो. लांब दांड्याचे फावडे. चाकाखाली घालायच्या, दातेरी, जाड प्लास्टिकच्या फळ्या. चार टनांवर उचलणारा जॅक, आणि तो कुठे लावायचा याची खूण. कारण तळाला बॅटरी आहे, भलतीकडे लावला तर तिच्याच पोटात घुसेल. वेगवेगळ्या सॉकेटांना लागणारे जोड आणि चार्जिंगची केबल. माणशी दिवसाला एक गॅलन पाणी. उपग्रहावरून निरोप धाडणारे तळहाताएवढे यंत्र, कारण जिथे गाडी रुतते तिथे फोन लागत नाही.

आबांनी यादी ऐकून घेतली आणि म्हणाले, "उटी कुठाय?"

उटी म्हणजे चाकाला लावायचा लाकडी ठोकळा. मी हसलो. म्हटले, "आबा, ही गाडी चढावर नुसता पाय काढला तरी जागच्या जागी उभी राहते." त्यांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी पाहतो तो कुंपणाच्या कामातून उरलेली एक चौकोनी तुळई घेऊन ते अंगणात बसलेले, आणि करवतीने तिचे दोन तुकडे पाडलेले. हौद्यात माझ्या रंगीत फळ्यांशेजारी त्यांनी ते ठेवून दिले. मी ते काढले नाहीत, पण माझा चेहरा त्यांनी पाहिला असावा.

थँक्सगिव्हिंगच्या सुटीत आम्ही निघालो. आबा, सौ., दहा वर्षांची धाकटी आणि मी. जायचे होते अँझा-बोरेगोच्या वाळवंटात. कॅलिफोर्नियातले हे सर्वांत मोठे राज्य उद्यान. आमच्या घरापासून सुमारे नव्वद मैल. वाटेत जूलियन लागते. १८७० च्या सुमाराला सोन्याच्या खाणींसाठी वसलेले आणि आता सफरचंदांच्या गोड पाईसाठी ओळखले जाणारे डोंगरातले गाव. तिथून रस्ता चार हजार फुटांवरून खाली वाळवंटात उतरतो, आणि उतारावर ही गाडी उलटी वीज साठवू लागते. आकडा वाढताना पाहून आबा खूश झाले. "उताराला बैल चारा खात्यात म्हन की!" ते म्हणाले.

फाँट्स पॉइंट नावाचा एक कडा आहे. १७७५-७६ च्या अँझाच्या मोहिमेबरोबर गेलेल्या पेद्रो फाँट या पाद्र्याचे नाव त्याला दिले आहे. त्या कड्यावरून सूर्यास्त पाहायचा होता. डांबरी रस्ता सोडून चार मैल कोरड्या ओढ्याच्या वाळूतून जावे लागते. ओढ्याच्या तोंडाशी मी थांबलो. घड्याळात साडेतीन वाजून गेले होते. सूर्य पाऊण तासात कलणार होता. हवा काढायला दहा मिनिटे, परत आल्यावर भरायला अर्धा तास. मनात म्हटले, चार तर मैल.

एवढी खोकी आणली, दोन महिने अभ्यास केला, चार भाकरींचे गणित बापाला शिकवले. आणि ऐन वेळी दहा मिनिटांसाठी मी ते सगळे गुंडाळून ठेवले.

दोन मैल गाडी छान गेली. मग समोरून एक जीप आली. तिला वाट द्यावी म्हणून मी कडेला घेतले आणि सवयीने पाय उचलला. पेट्रोलची गाडी अशा वेळी थोडी वाहत पुढे जाते. विजेची गाडी पाय उचलताच ब्रेक लावल्यासारखी थबकते. तीच तिची वीज साठवण्याची रीत. वाळूसाठी हे सौम्य करून ठेवता येते, ते मी केले नव्हते. पुढची चाके जागीच बसली. जीपवाल्याने हात हलवला आणि तो धुरळा उडवीत निघून गेला. वाळूत कुणी वेग मोडत नाही. मी पाय दाबला. सगळी ताकद एका क्षणात चाकांत उतरली आणि चारही चाकांनी स्वतःसाठी एकेक खड्डा खणला. पोट वाळूला टेकले.

खाली उतरलो तेव्हा माझ्या तोंडचे पाणी पळाले होते. वाळवंटात सूर्य कलला की थंडी झपाट्याने चढते. धाकटी गप्प झाली होती. आबा चाकापाशी गेले, गुडघ्यांवर बसले आणि हातांनी वाळू उकरू लागले. म्हणाले, "वजं उतरवा आधी. आन् झुडपं तोडून आना चार."

"इथे काडीही तोडता येत नाही, आबा," मी म्हणालो. तरी सामान उतरवले. पाणी, पेट्या, पाचवे चाक. शे-दीडशे किलो असेल. गाडी बोटभरही उचलली गेली नाही. त्या क्षणी मला उमगले की या गाडीचे खरे ओझे उतरवता येतच नाही. बैलगाडीची पोती खाली ठेवता येतात. डिझेलची टाकी वाटेत हलकी होत जाते. बॅटरी भरलेली असो वा रिकामी, तिचे वजन तेच. ती पायाखाली तशीच निजलेली राहते.

आबा अजून उकरीतच होते. श्वास लागलेला, चेहरा लाल. मला भीती वाटली, आणि ती रागाच्या रूपाने बाहेर पडली. "आबा, तुम्ही बाजूला व्हा पाहू! तुम्हाला यातलं काही कळत नाही!" नातीसमोर, सुनेसमोर. त्यांनी हात झटकले, उठले आणि ओढ्याच्या कडेला एका दगडावर पाठमोरे जाऊन बसले.

मी हवा काढायला लागलो. एक चाक, दुसरे, तिसरे. हवेच्या त्या फुसफुशीशिवाय दुसरा आवाज नव्हता. २४ पर्यंत उतरवली. सौ. फावडे मारीत होती, धाकटी फळ्या आणीत होती. चाकापुढे फळ्या खुपसल्या आणि घाईघाईने पाय दाबला. चाके गरगरली, फळीचे दाते झिजून वास सुटला, एक फळी मागे भिरकावली गेली. नशीब, मागे कुणी उभे नव्हते. एक चाक आता निम्मे वाळूत गेले होते. ते उचलूनच खाली फळी सारायला हवी होती. जॅक लावला तर गाडी वर येण्याऐवजी जॅकच वाळूत खाली जाऊ लागला.

त्याच्या बुडाखाली रुंद, भक्कम काहीतरी हवे होते.

मी हौद्यातून तुळईचे ते दोन ठोकळे काढले आणि दगडापाशी गेलो. काय बोलावे सुचेना. ठोकळे नुसते पुढे धरले. म्हटले, "आबा, हे कसे ठेवू? जॅक बुडतोय."

ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग उठले. वाळूचा वरचा भुसभुशीत थर त्यांनी फावड्याने काढला, खालची घट्ट ओली वाळू पायाने दाबली, दोन्ही ठोकळे शेजारी शेजारी बसवले आणि म्हणाले, "आता लाव. सावकाश." चाक वर आले. खाली फळी गेली. दुसऱ्या बाजूलाही तसेच केले.

"आता बैल बुजवू नगंस," आबा म्हणाले. "चुचकारून काढ."

मी पाय नुसता टेकवला. गाडीने कण्हल्यासारखे केले आणि एकेक इंच करीत ती फळ्यांवर चढली. मग मी थांबलो नाही. घट्ट जमीन लागेपर्यंत शंभर यार्ड तशीच नेली. मागे वळून पाहिले तर अंधुक उजेडात तिघे सामान उचलून येत होती. आबांच्या दोन्ही काखांत एकेक ठोकळा.

सूर्यास्त हुकला होता. परत फिरावे असे मी म्हणालो, तर आबांनीच मोडता घातला. "आलोय तर बघून जाऊ की." हवा आता बरोबर होती, उरलेले दोन मैल गाडी पाण्यातल्या नावेसारखी गेली. कड्यावर पोचलो तेव्हा खालच्या दऱ्या काळ्या पडल्या होत्या. पश्चिमेला शुक्राची चांदणी ठसठशीत लागली होती. इथल्या बोरेगो स्प्रिंग्ज गावाला २००९ साली अंधारे आकाश राखणारे गाव म्हणून आंतरराष्ट्रीय मान मिळाला. रस्त्यावर दिव्यांचा झगमगाट ते करीत नाहीत. अमावास्येच्या मागचापुढचा दिवस होता. पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका आबांनी नातीला बोटाने दाखवला. घोंगडीऐवजी माझे जाकीट त्यांच्या खांद्यावर होते. झाल्या प्रकाराविषयी ते काही बोलले नाहीत आणि मीही बोललो नाही.

डांबरी रस्त्यावर आल्यावर हवा भरायला अर्धा तास लागला. पंप मी धरला, विजेरी धाकटीने, आणि मापक आबांनी. चष्मा कपाळावर चढवून, वाकून, ते आकडा मोठ्याने वाचत. "तीस... छत्तीस... भर अजून... अठ्ठेचाळीस. बास."

फेब्रुवारीत ते परत गेले. दर रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो. पाऊस, डाळिंबाचा भाव, कुणाचे लग्न, कुणाची म्हातारी गेली. पण त्याच्या आधी, हालहवाल विचारण्याच्याही आधी, ते विचारतात, "हवा किती हाय?" मग फोन कानाला लावूनच मी गॅरेजमध्ये जातो, मापक लावतो आणि चारही चाकांचे आकडे त्यांना एकामागून एक सांगतो.